तोफेच्या कानात गंगा

कंदील बारीक करा, रॉकेल काही सरकार पाठवत नाही. आणि ऐका. मधेच कुणी "मग?" म्हणायचं नाही. मग काय ते मीच सांगणार आहे.

धामणशातून कोंडवलीला जायला दोन वाटा. एक नदीकाठची, लांबची, शहाण्या माणसांची. दुसरी गाडाखिंडीतून. अवसेच्या रात्री राणोजी शेडगे त्या दुसऱ्या वाटेनं निघाला. काखेत गंगेची लोटी. कारण कोंडवलीत त्याचा थोरला भाऊ खेमाजी शेवटच्या घटका मोजत होता. निरोप आला होता : "राणूला म्हणावं, बाबांची लोटी आण. तोंडात गंगा पडली की मी सुटलो."

निरोप आला दुपारी. मग निघायला रात्र का झाली? कारण भांडण होतं ते त्या लोटीवरूनच! वडिलांनी काशीहून आणलेली, तांब्याची, तोंड झाळून बंद केलेली. वाटणीत शेताचे दोन भाग झाले, पाटा एकाकडं गेला, वरवंटा दुसऱ्याकडं. लोटीचे भाग होईनात. राणोजीनं ती दडवली. खेमाजी बायकोला घेऊन कोंडवलीला, सासुरवाडीला गेला, तो गेलाच. पुढं सख्खे भाऊ कित्येक वर्षं बोलले नाहीत. निरोप ऐकून राणोजी ओसरीवर बसून राहिला. म्हणाला, "स्वतः यायचं होतं त्यानं." मरणारा माणूस स्वतः येणार! शेवटी बायको कडाडली, "अहो, भावजी गेल्यावर त्या लोटीत काय लोणचं घालू?" तेव्हा कुठं उठला.

आता खिंडीचं ऐका. फार पूर्वी आपल्या मुलखात एकाच गादीवर दोन चुलत भाऊ बसायला निघाले. धामणसं धाकट्याच्या बाजूला, कोंडवली थोरल्याच्या. सोयरीक मात्र दोन्ही गावांत घरटी. धामणशाच्या पोरांनी स्वखुशीनं तोफखाना उभा केला. पगार नाही, भाकर घरची. गावातली तांब्या-पितळेची भांडी वितळवून तोफ ओतली. त्यातली निम्मी भांडी कोंडवलीच्या लेकींनी माहेराहून आणलेली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल, तर कुणी बोललं नाही. ती तोफ खिंडीत चढवली आणि डागली कोंडवलीवर. आपल्याच मामांवर, मेहुण्यांवर.

तोफ तापली की तिला पाणी पाजावं लागतं, नाहीतर फुटते. ओढ्यावर जावं तर समोरून गोळ्या. पोरांनी आपलं प्यायचं पाणी तिला पाजलं. तेही संपलं. तोफ फुटली. कोरड्या तोंडानं सगळी पोरं गेली. आणि गंमत ऐका. दोघा चुलत भावांचा तह आदल्या दिवशीच झाला होता. पंगती उठल्या होत्या. खिंडीत कळवायचं तेवढं राहून गेलं. राहून जातं असं. मी कचेरीत जन्म काढलाय, मला नवल वाटत नाही.

तेव्हापासून अवसेला खिंडीत त्या तोफेचा बार होतो. आणि बार झाला की कोंडवलीतला आजारी माणूस सकाळ पाहत नाही. म्हणून राणोजी पळत होता. बाराच्या आधी पोचायचं होतं त्याला!

चढ लागला. दगडावर एक पोरगा बसलेला. तोंड तोफेच्या दारूनं काळं.

"पाव्हणं, पाणी हाय का?"

"हाय, पण माझ्या भावाचं हाय."

"आमचं बी भाऊच हाईत की पल्याड," पोरगा म्हणाला, आणि हसला. हसला, पण ओठ फुटलेले.

राणोजी पुढं सटकला. वळणावर दुसरा दगड. त्यावर तोच पोरगा! "पाव्हणं, पाणी?" पुढं पुन्हा तोच! आता मागं आणखी चारजण. मग दहा. चाकांची करकर तेवढी येत होती. राणोजीनं खाली पाहिलं तर हातात दोरखंड! सोडू म्हटलं तर बोटं उघडेनात. पाय आपोआप चढत होते. राणोजी शेडगे तोफ ओढत होता!

खिंडीच्या माथ्यावर गाडा थांबला. खाली कोंडवलीत एकच दिवा जळत होता. खेमाजीच्या दारातला. तोफेचं तोंड त्याच दिव्यावर.

त्या पोरांचा जमादार पुढं आला. वयानं विशीचा. त्यानं पेटती बत्ती राणोजीच्या हातात दिली.

"पाणी देत न्हाईस, तर तोफेला बत्ती दे."

"आरं, लढाई संपली! तह झाला! घरी जावा!"

"हुकूम कुठं हाय?"

हुकूम नव्हताच. हात आपोआप तोफेकडं निघाला. तोफेचा कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, वीतभर उरलं. दोन बोटं उरलं. राणोजीला काय वाटलं कोण जाणे. ओरडला, "दादा!" दुसऱ्या हातानं लोटी चाकाच्या लोखंडी धावेवर हाणली. झाळ तुटली. आणि भावाच्या तोंडची गंगा त्यानं तोफेच्या कानात ओतली!

चर्रर्र झालं. बत्ती विझली. तोफेखाली पाणी ठिबकू लागलं आणि ती सगळी पोरं गुडघ्यांवर आली. ओंजळी पुढं केल्या. लहान मुलं प्रसादाला करतात तशा. राणोजीला पळता आलं असतं. पळाला नाही. लोटीत राहिलं होतं ते ओंजळींत वाटलं. लोटी केवढीशी! कुणाला थेंब मिळाला, कुणाला नाही. ज्यांना मिळाला नाही ते उठू लागले, तेव्हा मात्र पळाला. धोतर काट्यांत, पायतण खिंडीत.

खेमाजीच्या दारात वहिनी उभी. तिनं रिकामी लोटी पाहिली आणि बाजूला झाली. राणोजी खाटेशी बसला.

"दादा, मी आलो. गंगा वाटेत सरली रे."

खेमाजीनं डोळे उघडले. "बार झाला न्हाई आज."

"न्हाई झाला."

"मग तूच आलास खिंडीतनं." त्यानं रांजणाकडं पाहिलं. "रांजणातलं दे की. पण त्याच लोटीतनं."

राणोजीनं दिलं. खेमाजी दोन घोट प्यायला. "आता लोटी कुणाची रं?"

"तुझी, दादा."

"हात्, मेलेल्याला कशाला. दोघांची म्हण."

खेमाजी गेला तो उजाडल्यावर. सकाळ पाहिली त्यानं.

ती लोटी राणोजीनं पुन्हा झाळून घेतली नाही. रोज भरून दारात ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. आणि त्या दुपारी ज्या ओसरीवर बसून राहिला होता, तिथं पुन्हा कधी बसला नाही.

झालं. ऐका आता. गाडाखिंडीतून रात्री जाऊ नका. थेंब न मिळालेले अजून तिथं आहेत, आणि हुकूम अजून गेलेला नाही. भावाकडं जायचं असेल तर नदीकाठानं जा. दिवसाउजेडी जा. निरोप दुपारी आला, तर दुपारीच उठा.