दुसरी सोलोमिया

…नाही नाही, बसा हो, उठू नका — त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, जरा भिंतीकडे सरका — हां. आणि ती मधाची बरणी आधी टेबलावरून उचला. निवडणूक तोंडावर आलीय, कुणी पाहिलं तर म्हणतील, सोलोमिया कंदिबा लाच घेते. काय? सोलोमिया कंदिबानंच दिली म्हणून सांगू? हसू नका मावशी, मला हसू येत नाहीये. परवापर्यंत तुम्ही मोत्र्या शुल्हा होतात — बाजारात दही-लोणी विकणारी मोत्र्यामावशी, माझी आई पनीर घ्यायची तुमच्याकडून — आणि आता माझंच नाव लावून, माझ्याच मतदारसंघात, मतपत्रिकेवर माझ्याच खालच्या ओळीत उभ्या राहणार! बरं, निवडणूक आयोगानं उमेदवारीचा अर्ज फेटाळला म्हणून वकील हवा, तर गावात एवढे वकील पडलेत, ते सोडून माझ्याकडे आलात. वर म्हणता, नावाच्या खटल्यातलं तुमच्याएवढं कुणाला कळतं!

कळतं. कबूल आहे. ती यारिना — बापानं मारून मारून हात मोडलेली पोर — तिला त्याचं आडनाव टाकायचं होतं, तर कचेरीतला साहेब म्हणाला, आडनाव म्हणजे काय बूट आहे का बदलायला? भांडले मी, पार राजधानीत, कीवपर्यंत गेले. ‘माणसाचं नाव माणसाचं असतं, सरकारचं नाही’ — माझं वाक्य ते, कोर्टात टाळ्या पडल्या होत्या! आणि तुम्ही काय केलंत? तेच वाक्य नाव बदलायच्या अर्जात जसंच्या तसं उतरवून माझं नाव उचललंत. वडिलांचं नाव तेवढं तुमचं मूळचंच ओस्ताप, माझ्या वडिलांसारखं, म्हणून तर त्या साखर कारखानेवाल्या होरोबेत्सनं अख्ख्या बाजारातून तुम्हाला हुडकून काढलं. माझी निम्मी मतं चुकून तुमच्या नावापुढे पडली की तो पाय पसरून संसदेत बसायला मोकळा. आणि तुम्हाला काय, तर नवं छप्पर. गळतं, माहितेय मला — अंथरुणावरच्या आईच्या तोंडावर पाणी पडतं, तेही माहितेय. म्हणून तर तुमच्यावर धड रागावतासुद्धा येत नाही.

मला काय राजकारणाची हौस होती? कोठडीतल्या पोरांसाठी भांडायचे मी. एकाला सोडवावं तर दुसरा आत. एका पोराला सोमवारी कोर्टातून बाहेर काढला, मंगळवारी त्याच पोलिसानं त्याच चौकीत डांबला — वर मला फोन, ‘वकीलबाई, तुमचा माणूस आलाय.’ तेव्हा म्हटलं, असं एकेकाला किती दिवस ओढून काढणार, कायदाच बदलायला हवा. झालं, पडले यात! होरोबेत्स घरोघर कुट्टूच्या दाण्यांच्या पिशव्या वाटतो, मी राज्यघटनेच्या पुस्तिका वाटते. लोक त्याचा कुट्टू शिजवतात आणि माझ्या पुस्तिकेच्या पानांत सूर्यफुलाच्या बिया बांधतात. आमच्या आईनंसुद्धा बांधल्या — म्हणते, कागद चांगलाय गं, तेल सुटत नाही.

पण मला निवडून यायचंय, मावशी. नुसतं पोरांसाठी नाही — मला स्वतःलाच हवंय ते, अगदी हवंय. दात घासता घासता आरशासमोर शपथ म्हणून बघते मी, तोंडात फेस असतो तरी थांबत नाही. म्हणून सांगते, घरी जा. छपराचं आपण बघू काहीतरी — लाच नाही हं, शेजारधर्म! नाहीतरी तुमची बाजू लंगडीच आहे. अर्जाला जोडायच्या आत्मचरित्रात जन्मगाव लिहिलंत आणि जिल्हा लिहायचा राहिला, तिथंच अर्ज बाद — काय? आयोगाचं कारण लिहिलेलं पाकीट अजून उघडलंच नाही तुम्ही? हो, चिकटवलेलंच दिसतंय… मग मला कसं — अहो, गावभर झालंय ते! नाही? तुम्हाला आणि तक्रारदाराला सोडून कुणालाच कळवलेलं नाही?

बरं. मीच. तक्रार मीच केली. जिल्हा लिहिला नाही म्हणून! असल्या फालतू कारणांवरून गरिबांचे अर्ज फेकून देणाऱ्या साहेबांशी भांडण्यात जिचा जन्म गेला, तिनं. आणि लिहिताना काय छान वाटत होतं सांगू — हात कसा सरसर चालत होता. लाज आत्ता वाटतेय, तुम्ही ते पाकीट न फोडताच पिशवीत ठेवताय म्हणून. ओरडा ना! शिव्या द्या! बाजारात तर दह्याला नाव ठेवलं की सात पिढ्या काढता!

कुठं निघालात? बसा. तुमचा खटला मी घेऊ शकत नाही, एकच वकील दोन्हीकडून उभा राहिला तर सनद जाईल — वकील सोलोमिया, पक्षकार सोलोमिया, तक्रारदार सोलोमिया, न्यायाधीश बिचारा चक्कर येऊन पडेल. पण ऐका. उद्या कोर्टात दाद मागायची आणि एकच म्हणायचं — ‘ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे, आणि अशा चुकीवरून अर्ज फेटाळता येत नाही.’ कायद्यातच आहे तसं. म्हणा बघू. — मोठ्यानं. — पुन्हा. — रुमालाचं टोक चुरगळू नका, भीक मागायला जात नाही आपण, हक्क आहे तुमचा. मान वर. हां, अशी. एवढ्यावर जिंकाल तुम्ही. मी समोर असेन, आणि मी सोडणार नाही हं, सांगून ठेवते, मला हवीय ती जागा, जीव तोडून भांडेन. मी कितीही आरडाओरडा केला तरी खाली बसू नका. जा आता.