गुरुवारच्या आधी लॅपटॉप

...नाही, तुम्हीच सांगा, अकराशे ग्रॅम आणि बाराशे ग्रॅम यांत फरक असतो की नाही? असतो! पण त्या दुकानदाराला पटेल तर शपथ! ‘साहेब, शंभर ग्रॅमनं काय होतंय? नाहीतर वहिनींना विचारून या!’ अरे, वहिनी असत्या तर मी तीन तास तुझ्या काउंटरपाशी कशाला उभा राहिलो असतो? मी त्रेपन्न वर्षांचा एकटा जीव, तो लॅपटॉप ठेवायचाय आजारी आत्याच्या मांडीवर... आणि आत्याचं ऑपरेशन गुरुवारी!

तुम्हाला सांगतो, आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय एकोणनव्वद, हृदयाचं ऑपरेशन, आणि आमच्या सात पिढ्या तिच्या डोक्यात! वंशावळ आहे हो लिहिलेली, पण त्यात नुसते बाप्ये! मुली कुठायत? लग्न झालं, आडनाव बदललं, कागदावरून गायब! त्या कोण, कुठे गेल्या, हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच, आणि डॉक्टर म्हणतात, ‘या वयात... बघू.’ बघू!

म्हणून ठरवलं, वंशावळीचं सॉफ्टवेअर टाकून छोटासा लॅपटॉप घ्यायचा, ती सांगेल तसं भरायचं. झालं? कुठलं झालं! अकरा इंची घ्यावा, तर आजोबा दिसले की पणजोबा गडप. पंधरा इंची घ्यावा, तर अख्खं खानदान मावतं, पण मांडीवर मावत नाही! एकाची बॅटरी दमदार तर बटणं मुंगीएवढी, दुसऱ्याची बटणं झकास तर पंखा असा घरघरतो की शेजारचा पेशंट उठून बसेल. आणि मेमरी? मी विचारलं, ‘सात पिढ्यांना आठ जीबी पुरेल का हो?’ दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला! सोमवारी तीन दुकानं पालथी घातली, मंगळवारी तीच तीन, उलट्या क्रमानं... आणि ऑपरेशन गुरुवारी!

बुधवारी सकाळी बहिणीचा फोन. ‘दादा, कुठे आहेस? आत्या वाट बघतेय!’ म्हटलं, ‘दोनच उरलेत, एक करडा, एक काळा.’ तर ती रडायलाच लागली. ‘अरे, विसरू नये म्हणून ती सारखी नावं पुटपुटतेय!’ डोळे मिटले, काळा उचलला आणि सुटलो पळत! हॉस्पिटलात पोचतो तर काय, बॅटरी रिकामी, आणि वायर भिंतीपर्यंत पोचेना! सगळं मोजलं हो मी, वायर तेवढी मोजली नाही!

आत्या म्हणाली, ‘राहू दे रे.’ आणि उशीखालून रिपोर्टांचा गठ्ठा काढला. मागच्या कोऱ्या बाजूला, थरथरत्या अक्षरात, सगळ्या मुली! एकही सुटली नव्हती. ‘तीन दिवस नुसती तुझी वाट बघत पडले असते की काय?’ मला रडूच फुटलं हो...

आज गुरुवार. ती आत आहे, दोन तास झाले, दारावरचा तो दिवा अजून लालच. म्हणून तुमच्याशेजारी या बाकावर बसून भरतोय एकेक नाव. आत्ता शेवटच्या कागदावर आलोय, त्यावर आमची पिढी. भावापुढे वहिनी, बहिणीपुढे मेव्हणे, आणि माझ्या नावापुढे आत्यानं लिहिलंय, ‘अजून निवडतोय.’

काय करणार! जसंच्या तसं टाइप केलं. बाहेर आली की ती तपासणार ना...