पाठीतली नळी

नाव कुंदन पांडुरंग बडगुजर, वय २६, धंदा लूमवर मजुरी, मूळ गाव शिरपूर तालुक्यात, हल्ली राहणार लिंबायत, सुरत. चौकीतल्या पोलीस जमादारांना मराठी येते म्हणून आज शनिवार, २४ सप्टेंबर १९९४ रोजी समक्ष मराठीत सांगतो की,

माझी पत्नी वर्षा बुधवारी एका खासगी दवाखान्यात ऑपरेशनने बाळंत झाली. मुलगी झाली. भुलीचे डॉक्टर बाहेरून बोलावले होते. त्यांनी मला आधी समजावले होते. पाठीत जाड सुई, तिच्यातून बारीक सुईने औषध, मग त्याच जागी दोऱ्यासारखी नळी ठेवायची. कमरेखाली बधिर, बाई जागी. ऑपरेशन लांबले, दुखू लागले, तेव्हा त्यांनी नळीतून औषध दिले. मुलगी रडली ते वर्षाने ऐकले. "नली मैं ही निकालूंगा, किसी को छूने मत देना," हे डॉक्टरांचे बोलणेही ऐकले.

गुरुवारी ते येऊन गेले. रात्री प्लेगची बातमी पसरली. काल ते आले नाहीत. दवाखान्याच्या डॉक्टरबाईही शहर सोडून गेल्या. एकच नर्स आहे. ती नळीला हात लावत नाही, म्हणते, "भाई, अंदर तूटी गई तो कौन जवाबदार?"

अडाजणला भुलीच्या डॉक्टरांच्या घरी गेलो. कुलूप होते. शेजाऱ्यांनी दार उघडले नाही. आणखी दोन दवाखाने पाहिले. एका ठिकाणी वॉचमनने गेटमधूनच ताव, म्हणजे ताप, आहे का विचारले. नाही म्हणालो, तरी आत घेतले नाही.

आमच्या गल्लीतले लोक ट्रकने गावी निघाले आहेत. ट्रक आमच्यासाठी थांबला आहे. माझी आई सरलाबाई दवाखान्यात येऊन वर्षाला म्हणाली, "पाठ दाखाड. दोराच शे तो, मी काढी देस. गावले जाईसन तेल लावसूत, शेकसूत."

वर्षा भिंतीला पाठ लावून बसली. "माय, हात नका लाऊ."

"मंग पोर तरी दे मनाजोडे."

वर्षाने मुलगी दिली नाही.

तक्रार कोणाविरुद्ध, असे जमादारांनी विचारले. कोणाविरुद्धही नाही. डॉक्टरांना शिक्षा नको. ते जिथे असतील तिथे निरोप जावा. ते यावेत.

मी दवाखान्यातून निघालो तेव्हा आई वर्षासमोरच बसलेली होती. म्हणून मला लवकर सोडावे. ट्रकवाल्याला जा म्हणून सांगणार आहे. नळी निघेपर्यंत माझा पत्ता वर लिहिला तोच राहील.

हे मला वाचून दाखवले. मी उभ्यानेच ऐकले. सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे.