कॉम्प्रेसरचं दावं

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी कॉम्प्रेसर गाईसारखा विकत घेतलाय. घरामागच्या शेडमध्ये रंगकाम सुरू करायचं होतं. शेजाऱ्याच्या लोखंडी गेटचं पहिलंच काम मिळालं होतं, तेही उद्या द्यायचं. म्हणून राहुरीजवळच्या एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्या मामांकडे जुना कॉम्प्रेसर बघायला गेलो. हवा सोडली तर मामांची टोपी उडून पलीकडच्या उसात! सौदा ठरला. कॉम्प्रेसर टेम्पोत चढवला, तेवढ्यात मामांनी त्याचा पाइप काढून घेतला.

"मामा, पाइप?"

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाई आमी. घरची लक्ष्मी जाती."

"अहो, हे मशीन आहे!"

"आसंना. इस वर्सं पोसलंय त्यानं मला."

पाइप काय, कुठल्याही दुकानात मिळाला असता. पण भिंतीवर खिळ्याला मामांची रंग मारायची गन लटकत होती, आणि गनशिवाय उद्याचं गेट रंगणार कसं? मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "बरं, दावं ठेवा. पण दुभत्या गाईचं वासरू?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, गनकडे बघितलं आणि ती काढून माझ्या हातात दिली.

"न्या. लेकराला आईपासून तोडू व्हय?"