चॅम्पियनची काठी

दोन हजार सहाचा पाडवा नुकताच झाला होता. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या इंडियन स्टोअरमध्ये बिलाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण बाई आणि तिच्या ओळखीच्या काकू उभ्या होत्या.

“काकू, गुढीला काठीच मिळेना. मग आमच्या यानं, देवदत्तनं, शेजारच्या हॉलिसना विचारलं. ते म्हणाले, गॅरेजमधून हवी ती घेऊन जा.”

“बरं झालं की!”

“कसलं बरं? ती पॅटिओच्या छपराखाली मावेना, म्हणून यानं सरळ कापली.”

“अगं बाई! न विचारता?”

“फायबरग्लासची होती. त्याला वाटलं, जुना पाइप असेल. वर हॉलिसना जेवायलाही बोलावलं. ते गुढीसमोर उभे राहिले आणि काठीवरून हात फिरवायला लागले.”

“का गं?”

“काकू, तो माणूस पोल व्हॉल्टमध्ये ब्रिटनचा चॅम्पियन होता! त्याच काठीवर जिंकलेला.”

“काठी टेकवून उंच उडी मारतात, ते?”

“तेच. पुढच्याच सीझनला पडले, पाठ गेली, करिअर संपलं. इतकी वर्षं शेजारी राहतो, आम्हाला पत्ताच नाही!”

“आणि त्या काठीवर तुम्ही तांब्या पालथा घातलात!”

“देवदत्त तर रडकुंडीला आला. सॉरी, सॉरी करत राहिला.”

“चिडले असतील ना?”

“छे! श्रीखंड तसंच ठेवून उठले, आपलं गॅरेज उघडलं आणि याला म्हणाले, करवत घेऊन ये. आत अजून दोन काठ्या आहेत, त्याही कापून टाक.”