कवटीच्या सल्ल्याची नळी

...नाही, मला सांगा, मोजे घ्यायला गेलो होतो का मी? मऊ हवी का ताठ, तीन महिन्यांची का वर्षभराची... असं विचारते हो डॉक्टरीण! मूत्रपिंड एकच उरलंय माझं, त्याच्या वाटेत खडा अडकलेला, आत नळी घालायची, आणि ती समोरच्या दुकानातून आणायची कोणी? मीच! आमच्या ला पाझ शहरातल्या सरकारी दवाखान्यात हे असंच... पोट तुमचं, सामानही तुमचं!

मी म्हटलं, वर्षभराची द्या. मिनीबस चालवतो मी, पुन्हा पुन्हा कोण खेटे घालणार? तर डॉक्टर अरांदिया चष्म्यावरून बघत म्हणते, "डॉन रेम्बेर्तो, ती ताठ असते, प्रत्येक खड्ड्याला टोचेल. मऊ घ्या. पण वेळेवर काढायला या हं! राहिली तर नळीवरच खडे धरतात, आणि मग तुमचं ते एकुलतं एक..."

घरी आलो, तर सासूबाई थेट फळीकडे! तुम्हाला सांगतो, नळी माझी, मूत्रपिंड माझं, आणि विचारायचं कोणाला? कवटीला! डॉन बासिलिओ नाव तिचं. तुमच्याही घरी असेल एखादी, कोणा मेलेल्याची, फळीवर मांडून पुजलेली, पण आमची जरा जास्तच लक्ष घालते. सासूबाईंनी त्याच्या दातांत सिगारेट खोचली, पेटवली, "मालक, जावईबापूंना कुठली?" आणि ते टोक लाल व्हायचं, मंद व्हायचं, परत लाल... ओढत होता हो! धूर आत जायचा, बाहेर येईचना. जातो कुठे? फुप्फुसं कुठायत त्याला? "मऊ म्हणतोय," सासूबाई म्हणाल्या. घातली मऊ!

खडा गेला, दुखायचं थांबलं, आणि मग मी... आपलं नेहमीचंच! काढायची तारीख आली, गेली. "कार्निव्हलच्या गर्दीत गाडी उभी ठेवू? बघू पुढच्या आठवड्यात." मी म्हणायला आणि डॉन बासिलिओच्या दातांतली सिगारेट विझायला एकच गाठ! बायको, नेलिदा, म्हणते, "वारा असेल." खिडकी बंद, पडदा हलत नाही, कसला वारा? नळी माझी, मूत्रपिंड माझं, आणि घाई कोणाला? कवटीला!

काल जेवायला बसलो, तर सासूबाई टोपी विणतायत. काळी, लोकरीची, डॉन बासिलिओला घालतात तसली. म्हटलं, "त्याला आहे की नवीन!" मान वर न करता म्हणाल्या, "ही त्याची नाही. शेजारी कोणी येणार म्हणतोय." फळीकडे बघतो, तर हा गृहस्थ एका कडेला सरकून बसलेला! "कोणी सरकवलं?" नेलिदा म्हणे मी नाही, सासूबाई म्हणे मी नाही... ताट तसंच बाजूला सारलं हो मी!

म्हणून आज उजाडायच्या आत नळी काढायला दवाखान्याच्या या रांगेत तुमच्या पुढे उभा. हसा, हसा! कोणाला पुढे सोडणार नाही, सांगून ठेवतो. काय? टोपी? ही काय, डोक्यावर. गारठा किती पडलाय इथं... माप कोणी घेतलं नव्हतं हो माझं. तरी बघा ना, कशी चपखल बसलीय.