अंत्ययात्रा कुठल्या सदरात?

हसाल तुम्ही, पण विनाचालक गाड्यांचे सरकारी नियम लिहिताना आमची गाडी एका अंत्ययात्रेपाशी अडकलीय. परवा रस्ते बघायला साहेबांबरोबर मनोरहून पालघरला निघालो होतो. समोरून अंत्ययात्रा आली. आमच्या ड्रायव्हरने, रमेशने, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात जोडले.

साहेबांनी हळूच विचारलं, “ओळखीचं होतं कोणी?”

“नाय साहेब. ओळख कशाला लागते?”

बघतो तर साहेबांचेही हात जोडलेले.

निघाल्यावर मी म्हणालो, “आपल्या मसुद्यात हे ‘अडथळा’ या सदरात येतं, साहेब. गाडी आपोआप थांबेल.”

साहेब म्हणाले, “थांबेल रे. पण हात कोण जोडणार?”